विश्लेषण : मर्सिडीजच्या चांदणीला मराठवाड्यात एवढी पत का?

एका तीनचाकी गाडीपासून सुरू झालेली जर्मन कंपनी जगभर श्रीमंतीची खूण कशी बनली, नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर तिची चांदणी पहिल्यांदा कशावर दिसली आणि या गाडीचे कर्ज ट्रॅक्टरच्या कर्जापेक्षा स्वस्त का पडते, याविषयी...

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज एकगठ्ठा खरेदी केल्या. सौदा सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता, म्हणजे सरासरी एक गाडी ४३ लाखांची. त्या वर्षी मर्सिडीजची संपूर्ण देशातील विक्री साधारण ५,८०० गाड्यांची झाली. देशात नऊ दिवसांत जेवढ्या गाड्या खपत होत्या, तेवढ्या मराठवाड्यातल्या एका शहराने एका झटक्यात उचलल्या. मागास भागाचा शिक्का पुसायचा, शहराची खरेदीची ताकद दाखवायची आणि गुंतवणूकदारांचे लक्ष वेधायचे, असा हेतू तेव्हा सांगितला गेला. घाऊक खरेदीमुळे भाव पाडून घेता आला, हा फायदा होताच. बातमी देशभर गाजली. नांदेड-लातूरच्या चहाच्या टपऱ्यांवर तिची चर्चा कितीतरी दिवस पुरली.

या सौद्याची दुसरी बाजू दोन महिन्यांनी पुढे आली. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१० मध्ये ‘द हिंदू’त लिहिलेल्या लेखानुसार, या खरेदीसाठी स्टेट बँकेने ४० कोटींहून अधिक कर्ज दिले होते आणि बँक कर्मचारी संघटनेच्या पदाधिकाऱ्याने त्याचा व्याजदर ७ टक्के असल्याचे सांगितले होते. त्याच काळात ट्रॅक्टरसाठी कर्ज घेणाऱ्या शेतकऱ्याला १२ टक्के मोजावे लागत होते. त्याआधीच्या वर्षी, २००९ मध्ये, देशात १७,३६८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे आहे.

मराठीत ‘पत’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. गावात, भावकीत माणसाला असलेला मान ही पत, आणि बँक किंवा सावकार ज्या भरवशावर पैसे देतो तीही पतच. मर्सिडीजची गोष्ट या दोन अर्थांच्या मधोमध घडते. आणि ती केवळ मराठवाड्यात नाही, अगदी पहिल्या दिवसापासून तशीच घडत आली आहे.

सुरुवात कुठून झाली?

जर्मनीतील मानहाइम शहरात कार्ल बेंझ नावाचा अभियंता इंजिनावर चालणारी गाडी बनवण्याच्या नादाला लागला होता. कसब होते, पैसा नव्हता. भागीदाराशी पटेना, तेव्हा त्याची वाग्दत्त वधू बर्था हिने लग्नाआधीच आपल्या हुंड्याची रक्कम उचलून घेतली आणि ती बेंझच्या धंद्यात घालून भागीदाराचा वाटा सोडवला. हुंड्यात गाडी मागणारे आपल्याकडे कमी नाहीत. हुंड्यातून गाडीचा कारखाना उभा राहिल्याचे उदाहरण मात्र बहुधा हे एकच.

२९ जानेवारी १८८६ रोजी बेंझने आपल्या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तीन चाके, एकच सिलिंडर, ताकद एका घोड्यापेक्षाही कमी. गाडी तयार झाली, पण ती घ्यायला कोणी पुढे येईना. लोकांना ती खेळणे वाटे.

ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ पंधरा आणि तेरा वर्षांच्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, पहाटे गाडी काढून निघाली. जायचे होते माहेरी, फोर्झहाइमला. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडे वर. तोवर कोणी एवढ्या लांब मोटारीने गेलेलेच नव्हते. वाटेत पेट्रोल पंप असण्याचा प्रश्न नव्हता. वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून तिने डाग काढण्यासाठी वापरतात ते लिग्रोइन विकत घेतले आणि टाकीत ओतले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. चढावर मुलांनी खाली उतरून गाडी ढकलली. संध्याकाळी माहेरी पोहोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली. पुढे तिच्याच सांगण्यावरून बेंझने चढासाठी आणखी एक गिअर बसवला. या प्रवासाने गाडी चालते, हे गावोगावच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले, आणि तेव्हा कुठे गाडीला पत आली.

‘मर्सिडीज’ हे नाव कोणाचे?

हे नाव ना बेंझचे, ना कोणा जर्मन अभियंत्याचे. बेंझच्याच काळात स्टुटगार्टजवळच्या कानश्टाट येथे गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख हे दोघेही वेगवान इंजिन बनवत होते. त्यांच्या गाड्यांचा एक बडा गिऱ्हाईक होता एमिल येलिनेक. हा ज्यू कुटुंबातला व्यापारी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहरात राहायचा. तिथे युरोपभरचे सरदार आणि धनिक हिवाळा काढायला येत. येलिनेक त्यांना गाड्या विकायचा आणि स्वतः शर्यतींत ‘मर्सिडीज’ या टोपणनावाने उतरायचा. ते त्याच्या लाडक्या मुलीचे नाव. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ होतो कृपा.

१९०० साली येलिनेकने डाइमलर कंपनीपुढे प्रस्ताव ठेवला. गाडी अधिक लांब, रुंद आणि जमिनीलगतची हवी, इंजिन ताकदीचे हवे आणि नाव माझ्या मुलीचे हवे. त्या बदल्यात तो ३६ गाड्या एकगठ्ठा घेणार होता, साडेपाच लाख मार्कांच्या. एवढी मोठी मागणी कंपनीला नाकारणे शक्यच नव्हते. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत मायबाखने बनवलेली ३५ अश्वशक्तीची ही गाडी उतरली आणि बाकीच्या गाड्या तिच्यापुढे एकदम टांग्यासारख्या दिसू लागल्या. १९०२ मध्ये ‘मर्सिडीज’ हे नाव रीतसर नोंदले गेले. पुढे येलिनेकने स्वतःच्या आडनावालाच ‘मर्सिडीज’ जोडून घेतले. बापाने मुलीचे नाव लावल्याचे असे उदाहरण विरळाच.

थोडक्यात, एका व्यापाऱ्याच्या घाऊक खरेदीने कंपनीला नाव मिळाले. औरंगाबादचा सौदा हा कंपनीच्या इतिहासातला चमत्कार मुळीच नव्हता.

तीन टोकांची चांदणी १९०९ मध्ये नोंदवली गेली. गॉटलीब डाइमलरने कधीकाळी घराच्या चित्रावर अशी चांदणी काढून पत्नीला पाठवले होते, ही आठवण त्याच्या मुलांनी पुढे आणली. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही ठिकाणी आपली इंजिने चालावीत, असा तिचा अर्थ. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत चलनाची माती झाली, गाड्या घ्यायला लोक उरले नाहीत आणि दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांना एकमेकींचा आधार घ्यावा लागला. १९२६ मध्ये डाइमलर आणि बेंझ एकत्र आल्या.

हिटलरच्या काळात काय झाले?

कंपनीच्या जाहिरातींत हे पान सहसा उघडत नाही. हिटलर आणि त्याच्या राजवटीतले बडे अधिकारी याच कंपनीच्या लांबलचक गाड्यांतून मिरवत. दुसऱ्या महायुद्धात कारखाने लष्करी वाहने आणि विमानांची इंजिने बनवू लागले. १९४४ च्या अखेरीस तिथल्या कामगारांपैकी जवळपास निम्मे लोक सक्तीने आणलेले परदेशी मजूर, युद्धकैदी किंवा छळछावण्यांतले कैदी होते. ज्यू कुटुंबातल्या मुलीच्या नावाची कंपनी अशा राजवटीच्या दावणीला बांधली गेली. पुढे कंपनीने या काळाचा अभ्यास करवून घेतला, जबाबदारी मान्य केली आणि २००० मध्ये जर्मन सरकार व उद्योगांनी सक्तमजुरांच्या भरपाईसाठी उभारलेल्या निधीत वाटा उचलला.

मराठवाड्यात चांदणी पहिल्यांदा कशावर आली?

ट्रकवर. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने डाइमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरमध्ये ‘टाटा मर्सिडीज-बेंझ’ ट्रक बनू लागले. तेव्हा नांदेड हैदराबाद राज्यात होते. लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता, त्याचा वेगळा जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडले. या ट्रकच्या नाकावर तीच तीन टोकांची चांदणी असायची. मोंढ्यातली तूर, कापूस, गूळ, सिमेंट अशी कोणतीही वस्तू त्यातून जायची. १९६९ मध्ये करार संपला, चांदणी गेली आणि तिच्या जागी टाटांचे बोधचिन्ह आले. पण जुन्या ट्रकमालकांच्या तोंडी ‘मर्सिडीज’ हे ट्रकचेच नाव पुढे कितीतरी वर्षे राहिले.

म्हणजे ज्या चिन्हाला आज आपण ऐषारामाची खूण मानतो, ते मराठवाड्याने आधी पाहिले ते ओझे वाहताना. डिझेल इंजिन सहजी दगा देत नाही, हा भरवसा तिथूनच रुजला. मोटारीचे आकर्षण नंतरचे.

भारतात तिची मोटार बनण्यासाठी आर्थिक उदारीकरणाची वाट पाहावी लागली. १९९४ मध्ये टेल्कोच्याच भागीदारीत कंपनी पुण्यात आली आणि १९९५ मध्ये पिंपरी-चिंचवड परिसरात टेल्कोच्या आवारातून ‘ई-क्लास’ बाहेर पडू लागली. युरोपात जे मॉडेल निवृत्त होत होते तेच भारतीयांच्या माथी मारले, अशी टीका तेव्हा झाली आणि ती चुकीची नव्हती. खपही सुरुवातीला बेताचाच राहिला. गिऱ्हाईक श्रीमंत असला तरी अडाणी नव्हता. पुढे टाटांनी आपला हिस्सा काढून घेतला. २००९ मध्ये चाकणला सुमारे १०० एकरांवर नवा कारखाना सुरू झाला. आता बहुतेक प्रमुख मॉडेल तिथेच जोडली जातात. मराठवाड्याच्या अंगणातही जर्मन गाडी बनते, पण ती प्रतिस्पर्ध्याची. ऑडीच्या गाड्यांची जोडणी संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत होते.

गाडीत असे आहे तरी काय?

नुसत्या बोधचिन्हासाठी लोक एवढे पैसे मोजत नाहीत. आज साध्या गाडीतही आपण जे गृहीत धरतो, त्यातले बरेच काही आधी इथे आले. अपघातात गाडीचा पुढचा-मागचा भाग चेपला जावा आणि आतली बैठक शाबूत राहावी, ही कल्पना याच कंपनीचे अभियंते बेला बारेनी यांची. १९५९ मध्ये ती प्रत्यक्ष गाडीत उतरली. त्याआधी गाडी जितकी कडक तितकी सुरक्षित, असाच समज होता. जोरात ब्रेक दाबला तरी चाके घसरू न देणारी ‘एबीएस’ यंत्रणा बॉश कंपनीबरोबर विकसित होऊन १९७८ मध्ये ‘एस-क्लास’मध्ये आली. काही वर्षांत एअरबॅगही आली.

दुसरे कारण टिकाऊपणाचे. ज्या जर्मनीतून ही गाडी येते तिथे ती टॅक्सी म्हणूनही धावते, हे ऐकून आपल्याकडे अनेकांना आश्चर्य वाटते. ग्रीसमधल्या एका टॅक्सीचालकाने १९७६ ची आपली ‘२४० डी’ तब्बल ४६ लाख किलोमीटर चालवली. २००४ मध्ये कंपनीने ती गाडी संग्रहालयासाठी घेतली आणि त्याला नवी दिली. लातूर ते नांदेड अंतर दीडशे किलोमीटरच्या आत आहे. रोज एक जाऊन-येऊन फेरी केली तरी एवढे किलोमीटर भरायला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागेल. अर्थात, ती जुनी साधी डिझेल गाडी होती. आजच्या संगणकांनी भरलेल्या गाडीकडून कोणी तशी अपेक्षा ठेवू नये.

एवढी महाग का? आणि घेते कोण?

किमतीचा मोठा वाटा कराचा असतो. पूर्ण तयार गाडी परदेशातून आणली, तर महागड्या गाड्यांवरील आयात शुल्क वर्षानुवर्षे १०० टक्के किंवा त्याहून अधिक राहिले. सुटे भाग आणून चाकणमध्ये जोडले, तर ते कितीतरी कमी पडते. चाकणचा कारखाना उभा राहण्याचे हे सरळ कारण. त्यावर जीएसटी. मोठ्या गाड्यांवर तो उपकरासह ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. त्याच वेळी ट्रॅक्टरवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे करात सरकारने ट्रॅक्टरला झुकते माप दिले आहे. झुकते माप मिळत नाही ते बँकेच्या दारात.

आता लातूरच्या भाषेत हिशेब. स्वस्तातली मर्सिडीज रस्त्यावर येईपर्यंत ५० लाखांच्या घरात जाते असे धरू. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे एका गाडीसाठी जवळपास ९४० क्विंटल सोयाबीन. एकरी ८ क्विंटल पिकले तर ११७ एकरांचे एका हंगामाचे सगळे उत्पन्न, खर्च वजा न करता. आणि हमीभाव बाजार समितीत प्रत्यक्ष मिळतो का, हे सोयाबीन उत्पादकाला विचारायला नको.

त्यामुळे ‘एमएच २४’ किंवा ‘एमएच २६’ क्रमांकाची नवी मर्सिडीज दिसली, तर ती शेतीच्या पैशातून आली असण्याची शक्यता कमी. बहुधा मालक कंत्राटदार, मोठा डॉक्टर, व्यापारी, बांधकाम व्यावसायिक किंवा लातुरात असेल तर क्लासवाला असतो. पुढारी मात्र तिच्यातून सभेला सहसा येत नाही. त्याची पसंती पांढऱ्या, उंच एसयूव्हीला. मतदाराला ती ‘कामाची गाडी’ वाटते, तर मर्सिडीजमधून उतरलेला माणूस डोळ्यांवर येतो. इथे पत वाढवणारी गोष्ट पत घालवूही शकते, हे पुढाऱ्यांना चांगले ठाऊक असते.

व्यावसायिकाला आणखी एक सवलत मिळते, जिची चर्चा कमी होते. गाडी धंद्याच्या नावावर घेतली तर प्राप्तिकरात तिचा दरवर्षी १५ टक्के घसारा धरता येतो आणि कर्जाचे व्याजही खर्चात दाखवता येते. ६० लाखांच्या गाडीवर पहिल्या वर्षी ९ लाखांचा घसारा. ३० टक्के कर भरणाऱ्याचे त्यातून २ लाख ७० हजार वाचतात. कंपनीच्या नावावर गाडी घेतल्यास राज्याचा वाहन कर जास्त लागतो, तरीही अनेकांचे गणित जमते. शेतकऱ्याचे उत्पन्न मुळातच करमुक्त असल्याने ट्रॅक्टरच्या घसाऱ्याचा त्याला असा उपयोग नाही.

मग ट्रॅक्टरचे कर्ज महाग का?

बँकांचे म्हणणे तर्काला धरून आहे. मर्सिडीज घेणाऱ्याचे प्राप्तिकर विवरणपत्र असते, दरमहा हप्ता भरण्याइतकी आवक असते आणि अशा गिऱ्हाइकासाठी बँकांत चढाओढ असते. दीडशे जण एकत्र आले की दर पाडून घेण्याची ताकद आणखी वाढते. ट्रॅक्टरचा हप्ता पिकावर अवलंबून, पीक पावसावर आणि भाव बाजारावर. थकबाकीची जोखीम मोठी, म्हणून व्याज जास्त आणि वर बऱ्याचदा जमीन तारण.

पण या तर्काचा परिणाम उलटा होतो. ६ लाखांच्या ट्रॅक्टर कर्जावर १२ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याज ढोबळमानाने ७२ हजार, ७ टक्क्यांनी ४२ हजार. हा ३० हजारांचा फरक मर्सिडीजवाल्याला जाणवलाही नसता. नांदेडच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात तेवढ्यात मुलाची वर्षाची फी आणि खताची सोय होते. शेतकऱ्यांना ७ टक्क्यांनी कर्ज मिळते, असे सांगितले जाते ते खरे आहे, पण ते ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाबाबत. वेळेवर फेडल्यास त्यावरचे व्याज आणखी कमी होते. ट्रॅक्टर, विहीर, पाइपलाइन यांसाठीचे मुदतकर्ज त्या सवलतीत बसत नाही. बँकेने नाकारले की शेतकरी खासगी वित्त कंपनीकडे जातो आणि तिथला दर आणखी चढा असतो.

जुनी मर्सिडीज परवडते का?

नांदेड-लातूरमध्ये चांदणी मिरवायचा सोपा रस्ता म्हणजे पुणे-मुंबईतली वापरलेली गाडी. पाच-सहा वर्षे वापरलेली गाडी नव्याच्या निम्म्या किंवा त्याहून कमी भावात मिळते. घेणे सोपे, सांभाळणे अवघड. सुटे भाग महाग आणि अनेक बिघाड संगणकावर तपासल्याशिवाय कळत नाहीत. गल्लीतल्या मिस्त्रीचा त्यात हात चालत नाही, त्यामुळे कामासाठी पुणे किंवा हैदराबादसारख्या मोठ्या शहराची वाट धरावी लागते. महामार्ग सुधारले असले तरी गावात शिरताना उंच गतिरोधकावर सेडानचे पोट घासते. ग्राहक एसयूव्ही मॉडेलकडे वळण्याचे हे एक अगदी साधे कारण.

घेण्याआधी सर्व्हिसच्या नोंदी कंपनीच्या अधिकृत केंद्रातून तपासून घ्याव्यात, विम्याचे जुने दावे पाहावेत आणि आधीच्या कर्जाचा बोजा आरसी पुस्तकावरून उतरल्याची खात्री करावी. आणि कर्ज काढूनच घ्यायची असेल तर दर आधी विचारावा. वापरलेल्या गाडीवर बँका नव्यापेक्षा जास्त व्याज लावतात, मुदतही कमी देतात. चांदणी तीच असली तरी दर अनेकदा ट्रॅक्टरच्या दराला जाऊन भिडतो.